उंच माणसाचा हलका तंबू : घेण्याआधी काय बघायचं?

नरपड, चिखले, घोलवड, बोर्डीपासून थेट तलासरीपर्यंत जिथे कुठे तुम्ही आत्ता ऐकत असाल, कुणी चिकू निवडत असाल, कुणी भाकऱ्या थापत असाल, त्या सगळ्यांना आमच्या गटाचा नमस्कार. हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

आज आम्ही तंबूबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना तंबूशी काय करायचंय? तर काम पडायला लागलंय. थंडी सुरू झाली की आपल्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली मुंबई-गुजरातकडचे पाहुणे राहायला येतात. आपली मुलंमुली शनिवार-रविवारी गंभीरगड, अशेरीगड चढणाऱ्यांना वाट दाखवायला जातात, पुढे हरिश्चंद्रगड, कळसूबाईपर्यंतही जातात. २०१८ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधली पाच आदिवासी मुलंमुली एव्हरेस्टवर पोचली, ते तुम्ही ऐकलं असेल. तेव्हा डोंगर चढणं आणि तंबूत राहणं हे आता फक्त शहरातल्या पैसेवाल्यांचं राहिलेलं नाही. आणि मग गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज येतो : तंबू घ्यायचाय.

आमच्याकडे असाच अर्ज आला. गटातल्या एका ताईंचा मुलगा ट्रेकवाल्यांबरोबर वाटाड्या म्हणून जातो. पोरगा चांगला सहा फूट दोन इंच उंच. जे लोक त्याला नेतात ते त्याला त्यांच्याकडचा एक लहान तंबू झोपायला देतात. त्यात त्याचे पाय मावत नाहीत. रात्रभर गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं, पहाटे पायाकडची स्लीपिंग बॅग ओली, आणि सकाळी पंधरा-वीस माणसं कड्यावरून उतरवायची. ताई म्हणाल्या, "झोप झाली नाही तर त्याचा पाय घसरेल, आणि त्याच्या मागे चालणाऱ्यांचाही." त्याला स्वतःचा तंबू हवा होता, तो हलका हवा होता कारण पाठीवर त्यालाच न्यायचा होता, आणि त्याच्या उंचीला पुरायला हवा होता.

बैठकीत दोन मतं पडली. काही जणी म्हणाल्या, शिलाई मशीनला कर्ज देतो, म्हशीला देतो, तंबूला कशाला? काही म्हणाल्या, ज्याच्यावर पोट चालतं ते हत्यारच, मग ते मशीन असो की तंबू. शेवटी ठरलं की कर्ज द्यायचं, पण वस्तू नीट पारखून मगच. म्हणून आम्ही माहिती गोळा केली, मोजमापं केली. तीच आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, लांबी. तंबूच्या पिशवीवर किंवा कागदावर तळाची लांबी लिहिलेली असते. पुष्कळ तंबूंची ती सात फूट, म्हणजे साधारण २१३ सेंटिमीटर असते. सहा फूट दोन इंच म्हणजे १८८ सेंटिमीटर. वाटतं, २५ सेंटिमीटर जागा उरली, झालं की! पण तसं होत नाही. तंबूची भिंत आपल्या घराच्या भिंतीसारखी सरळ नसते, ती आत झुकलेली असते. उताणं झोपलं की पायाची बोटं जमिनीपासून वीतभर किंवा त्याहून वर येतात. डोकंही उशीवर असतं. त्या उंचीवर तंबूची लांबी किती उरते ते बघायचं. समजा भिंत ३० सेंटिमीटर वर जाईपर्यंत १० सेंटिमीटर आत येते. दोन्ही बाजूंनी मिळून २० गेले. २१३ मधून २० गेले, राहिले १९३. माणूस १८८. उरले पाच सेंटिमीटर, आणि त्यात स्लीपिंग बॅगची जाडी अजून धरलेलीच नाही. म्हणजे पायाकडून कापड टेकणारच.

म्हणून उंच माणसासाठी आम्ही असा हिशेब धरला : उंचीपेक्षा तंबूचा तळ निदान ३५ ते ४० सेंटिमीटर जास्त हवा. भिंती फार झुकलेल्या असतील तर त्याहूनही जास्त. सहा फूट दोन इंचाच्या माणसाला सव्वादोन मीटरच्या आसपास लांबी लागते. टोकाच्या भिंती उभ्या असलेला तंबू मिळाला तर थोड्या कमी लांबीतही भागतं.

हे घरी तपासायची सोपी रीत आहे. अंगणात रांगोळीने तंबूच्या तळाची लांबी-रुंदी काढायची. दोन टोकांना काठ्या रोवून, भिंत जशी झुकते तशी जुनी साडी बांधायची. मग त्या माणसाला चटई आणि गोधडी घेऊन आत झोपायला लावायचं. पाय साडीला लागतात का, डोकं लागतं का, ते दिसतं. आम्ही हे केलं तेव्हा शेजारपाजारची सगळी मुलं बघायला जमली, पण कागदावरचे आकडे जे सांगत नव्हते ते पाच मिनिटांत कळलं.

दुसरी गोष्ट, बसायची उंची. पाऊस लागला तर तंबूत तासन् तास बसावं लागतं, कपडे बदलावे लागतात. माणूस मांडी घालून बसला की जमिनीपासून डोक्यापर्यंत त्याच्या उंचीच्या निम्म्याहून थोडं जास्त भरतं. सहा फूट दोन इंचाचा माणूस बसला की साधारण ९८ सेंटिमीटर. खाली चटई, डोक्यावर थोडी मोकळी जागा धरली तर तंबू मधोमध निदान ११० सेंटिमीटर उंच हवा. आणि सगळ्यात उंच जागा कुठे आहे तेही बघा. काही तंबूंत ती बरोबर मध्ये असते, काहींत डोक्याकडे. माणूस बसतो डोक्याच्या बाजूला. तिथेच छप्पर उतरतं असेल तर मधली उंची काय कामाची?

तिसरी गोष्ट, रुंदी. इथे एक युक्ती आहे. एकट्या माणसाने दोन जणांचा तंबू घ्यायचा आणि तिरकं झोपायचं. २१३ लांब आणि १३० रुंद तंबूत एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जवळजवळ २५० सेंटिमीटर भरतात. वजन थोडं वाढतं, पण पाय पसरतात, आणि सामानही आत राहतं. मात्र तळ चौकोनी असायला हवा. पुष्कळ हलके तंबू पायाकडे निमुळते शिवलेले असतात, कारण कापड वाचतं. त्यात तिरकं झोपता येत नाही.

आता वजन. तुम्हाला ओझ्याचं काय सांगायचं? डोक्यावर हंडा आणि काखेत कळशी घेऊन चाललेल्या बायका आपण. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, हे माप लक्षात ठेवा. बाजारातला साधा स्वस्त तंबू अडीच-तीन किलोचा, म्हणजे तीन बाटल्या. अगदी हलके तंबू माणशी एक किलोच्या आत असतात. दोन किलोचा फरक किनाऱ्यावर काहीच नाही, पण दिवसभर चढायचं असेल तर खांद्याला कळतो. विकणाऱ्याला विचारा की सांगितलेलं वजन कशाकशाचं आहे. कधी नुसत्या कापडाचं आणि काठ्यांचं सांगतात, खुंट्या, दोऱ्या, पिशवी धरत नाहीत. आपण सगळं पिशवीत घालून वाण्याच्या काट्यावर ठेवायचं. काटा खोटं बोलत नाही.

काही हलक्या तंबूंना स्वतःच्या काठ्याच नसतात. डोंगर चढताना हातात धरायच्या काठ्या असतात ना, त्याच लावून तो उभा करायचा. वजन बरंच वाचतं. पण मग काठ्या नेल्याच पाहिजेत, आणि खुंट्या घट्ट बसल्याशिवाय तो उभाच राहत नाही. आपल्या सह्याद्रीत गडमाथ्यावर कित्येक ठिकाणी कातळ असतो, खुंटी जात नाही. तिथे दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात. स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा घुमटासारखा तंबू अशा जागी सोयीचा पडतो. वारा असेल तर तोही बांधावाच लागतो.

काठ्या ॲल्युमिनियमच्या की फायबरच्या, हेही विचारा. फायबरची काठी स्वस्त, पण मोडली की चिरते आणि तिच्या कुसळी हाताला लागतात. ॲल्युमिनियमची वाकते, पण नळीचा तुकडा चढवून वेळ निभावता येते.

आता कापड. कापडाच्या जाडीला डेनियर म्हणतात. नऊ हजार मीटर, म्हणजे नऊ किलोमीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. वीस डेनियर म्हणजे तेवढ्या लांब धाग्याचं वजन फक्त वीस ग्रॅम. इतकं तलम कापड हलकं असतं, पण काट्याने फाटतं. आपल्याकडे बोरीबाभळी काय कमी आहेत? म्हणून असा तंबू लावण्याआधी जमीन हाताने साफ करायची आणि खाली एक पातळ प्लास्टिक अंथरायचं.

नायलॉन आणि पॉलिस्टर यात एक फरक आहे. नायलॉन बळकट, पण ओलं झालं की पाणी पितं आणि सैल पडतं, जशी ओली दोरी कपडे वाळत घातल्यावर झोळ खाते. रात्री पाऊस आला तर उठून दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. उंच माणसाला याचा जास्त त्रास, कारण आधीच जागा कमी, त्यात कापड खाली आलं की अंगाला टेकलंच. पॉलिस्टर कमी सैल पडतं आणि उन्हालाही थोडं जास्त टिकतं. पाण्याला किती दाद देत नाही ते मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. १५०० लिहिलं असेल तर त्याचा अर्थ, त्या कापडावर दीड मीटर उंच पाण्याचा दाब आला तरी पाणी आत झिरपत नाही. वरच्या कापडाला इतकं चालतं. खालच्या तळाला जास्त हवं, कारण त्यावर आपले गुडघे आणि कोपर दाबले जातात.

आता त्या ओल्या पायांचं कारण ऐका. ताईंना वाटत होतं तंबू गळतो. पण पाऊस नसतानाही पाय ओले होत होते. झोपलेला माणूस रात्रभर श्वास सोडतो, त्यातून पेलाभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. बाहेर थंडी असली की ती वाफ तंबूच्या कापडाला आतून लागते आणि थेंब होतात. भाताच्या झाकणाला आतून पाणी सुटतं, तसंच. समुद्राकाठी हवा आधीच दमट, म्हणून आपल्याकडे हे आणखी होतं. ज्याचे पाय कापडाला टेकतात त्याची स्लीपिंग बॅग ते पाणी शोषून घेते.

यावर उपाय दुहेरी तंबूचा. आत जाळीचा, बाहेर पाणी अडवणारा, आणि मध्ये चार बोटं जागा. थेंब बाहेरच्या कापडाला लागतात, आपण आतल्या जाळीत कोरडे राहतो. डासही आत येत नाहीत, आणि आपल्या भागात ही लहान गोष्ट नाही. एकेरी कापडाचा तंबू सगळ्यात हलका असतो, पण दमट हवेत उंच माणसाला तो सोसत नाही. कुठलाही घेतला तरी वारा खेळायला वर-खाली झडपा हव्यात, आणि थंडी वाजते म्हणून त्या बंद करायच्या नाहीत.

आपला भाग आला की आणखी एक आठवण येतेच. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि डहाणू-तलासरीच्या आसपासच्या गावांना भूकंपाचे धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का तर चार रिश्टरच्या वर होता. भर थंडीत लोक लेकरांना घेऊन घराबाहेर झोपले. प्रशासनाने आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने तंबू उभारून दिले. म्हणून काही बहिणींनी विचारलं, असा हलका तंबू घरात ठेवला तर तशा वेळी उपयोगी पडेल का? एक-दोन रात्री दोन जणांना आडोसा होईल, हे खरं. पण अख्ख्या कुटुंबाला, म्हातारीला, बाळंतिणीला महिनाभर राहायला तो नाही. त्यात उभं राहता येत नाही, रोजच्या उन्हाने त्याचं तलम कापड कमजोर होतं. तशा वेळेसाठी जाड ताडपत्री, बांबू आणि मजबूत दोर हेच घरात असू द्या. दोन्ही कामं एका वस्तूकडून करून घ्यायला गेलो तर दोन्ही बिघडतील.

किनाऱ्यावर तंबू लावणाऱ्या गटांसाठी दोन शब्द. वाळूत साधी खुंटी धरत नाही. पिशवीत वाळू भरायची, तिला दोर बांधायचा आणि पिशवी हातभर खोल पुरायची. तो दोर मग वाऱ्याला हलत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी कुठवर येतं ते आपल्या कोळी बहिणींना विचारा आणि त्याच्या बरंच वर तंबू लावा. नारळाच्या झाडाखाली लावू नका. डोंगरात ओढ्याच्या पात्रात लावू नका, पात्र कोरडं दिसलं तरीही. वनखात्याच्या जागेवर किंवा गडावर मुक्काम करायचा असेल तर आधी परवानगी विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : तंबूच्या आत चूल, स्टोव्ह, शेगडी, कोळसा काही पेटवायचं नाही. कापड भुर्रकन पेट घेतं. आणि आग लागली नाही तरी कोंडलेल्या धुरातल्या विषारी वायूने माणूस झोपेतच जातो, त्याला वासही येत नाही. भाड्याने तंबू देताना पाहुण्यांना हे तोंडी सांगा, दोनदा सांगा.

जपणुकीचं बोलू. महागाचा तंबू पावसाने कमी आणि आपल्या हाताने जास्त खराब होतो. ओला तंबू कधी बांधून ठेवायचा नाही. उतरवताना ओला असेल तर घरी आल्या आल्या सावलीत दोरीवर टाकायचा. दमट जागी वर्षभर पडून राहिला तर आतला पाणी अडवणारा लेप चिकट होतो, वास मारतो आणि पापुद्रे सुटतात. मग तो शिवून, धुऊन काही होत नाही. धुताना साबणपूड नको, मशीन नको, साधं गोडं पाणी आणि मऊ फडकं. समुद्रावरून आला की चेन आणि काठ्या गोड्या पाण्याने धुवायच्याच, नाहीतर खार चढतो आणि चेन अडकते. ठेवायला प्लास्टिकची पिशवी नको. जुन्या सुती साडीची सैल पिशवी शिवा, त्यात हवा खेळते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा.

आता पैशाचं. बाजारात दोन-तीन हजारांपासून तंबू मिळतात, आणि परदेशी हलके तंबू तीस-चाळीस हजारांच्याही पुढे जातात. आम्ही कर्ज देण्याआधी एक अट घातली. घ्यायचा तसाच तंबू आधी भाड्याने आणायचा आणि त्यात दोन रात्री झोपायचं. एक रात्र किनाऱ्यावर, एक डोंगरात. पहिला तंबू दोन्ही रात्री पायाला टेकला. तो सगळ्यात हलका होता, पण परत गेला. दुसरा दोन जणांचा, दुहेरी कापडाचा, सव्वादोन मीटर लांब, सगळं धरून पावणेदोन किलोचा. त्यात पोरगा सरळ झोपला आणि स्लीपिंग बॅग कोरडी राहिली. पहिल्यापेक्षा पाऊण किलो जास्त, पण तो म्हणाला, "हे ओझं मी उचलीन, पण झोपेविना चालणार नाही." त्याच तंबूला कर्ज मंजूर केलं. हप्ता असा बांधला की ट्रेकच्या महिन्यांत जास्त आणि भर पावसाळ्यात, जेव्हा काम कमी असतं, तेव्हा कमी. जी म्हशीचं बोलली होती, तिनेच हप्त्याची ही सूचना केली.

तुमच्या गटात असा अर्ज आला तर इतकं विचारा : वापरणाऱ्याची उंची किती? तळ किती लांब, आणि टोकाच्या भिंती किती झुकलेल्या? बसल्यावर डोकं लागतं का? काट्यावर खरं वजन किती? कापड एकेरी की दुहेरी? काठी मोडली किंवा चेन गेली तर दुरुस्ती कुठे होईल? आणि ज्याला घ्यायचाय तो त्यात एक रात्र झोपलाय का? तुमचा गट भाड्याने देण्यासाठी पाच-सहा तंबू घेणार असेल, तर त्यातला निदान एक लांब असू द्या. उंच पाहुणा आला की त्याला तो द्या.

रांगोळी आणि जुनी साडी तर प्रत्येकीच्या घरात आहे. येत्या बैठकीत गटातल्या सगळ्यात उंच माणसाला बोलवा आणि अंगणात माप घेऊन बघा. तुमचे प्रश्न आणि अनुभव आम्हाला कळवा, आपण पुढच्या वेळी त्यावर बोलू. आजच्यापुरतं इतकंच. नमस्कार.